पाण्यावरचे कुरुंदवाड

'यॉट क्लब' हे शब्द उच्चारले, की डोळ्यांपुढे मुंबईचे अपोलो बंदर उभे राहते. १८४६ साली स्थापन झालेला तो साहेबी थाटाचा क्लब, बंदरात डुलणाऱ्या शिडांच्या नौका, आणि रस्त्याच्या पलीकडून हे सारे कौतुकाने पाहणारे तुमच्याआमच्यासारखे लोक! त्याच्या खालोखाल आठवतो तो पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब. तो १९२८ सालचा. तेथील विद्यार्थी नदीच्या पात्रात 'रेगाटा' साजरा करतात आणि त्या सायंकाळी काठावर पुणेकरांची झुंबड उडते. पाण्यावर नौका हाकण्याची हौस एक तर दर्याकाठची, नाही तर मोठ्या शहरातली, अशी आपली समजूत यामुळेच झाली असावी.

परंतु महाराष्ट्रात आणखी एका जातीचे बोट क्लब आहेत. ते समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या या अंगाला, उसाच्या रानांत आहेत. तरुण मराठा, रॉयल कृष्णा, सप्तर्षी ही त्यांतल्या काहींची नावे. कृष्णा, वारणा आणि पंचगंगा यांच्या काठच्या गावांत हे क्लब नांदतात. मी पाहिलेल्यांपैकी बहुतेकांना इमारत म्हणून नाही. घाटाची पायरी हे त्यांचे कार्यालय, देवळाचा पार हे सभागृह, आणि वर्गणी म्हणजे ज्याला जे जमेल ते. सभासद होण्याची अट एकच. पहाटे उठून वल्हे हाती धरण्याची तयारी हवी. या क्लबांचे वर्ष कसे जाते आणि ते असावेत तरी कशासाठी, हे जाणायचे असेल, तर वाचकांनी माझ्याबरोबर कुरुंदवाडच्या घाटावर यावे.

कुरुंदवाड हे शिरोळ तालुक्यातले गाव, कोल्हापुरापासून सुमारे ५० किलोमीटरांवरचे. जयसिंगपूर स्थानकावर उतरावे, एस.टी. धरावी, शिरोळ मागे टाकावे. मग दत्तभक्तांची नृसिंहवाडी येते, आणि वाडीचा पूल ओलांडला की कुरुंदवाड लागते. एके काळी पटवर्धनांच्या संस्थानाची ही राजधानी. १९४८ साली संस्थान विलीन झाले, तरी राजधानीपणाच्या खुणा गावाने जपून ठेवल्या आहेत. बोलण्यात एक अदब आहे, आणि त्या अदबीच्या आडून येणारा कोल्हापुरी खट्याळपणाही आहे. गणेशोत्सवात येथील पाच मशिदींत गणपती बसतो आणि हिंदू-मुसलमान दोघे मिळून त्याची आरास करतात. बाहेरच्यांना याचा अचंबा वाटतो. गावकऱ्याला विचारावे, तर तो म्हणतो, "त्यात काय एवढं? आमचं हाय ते असंच हाय."

गावाचे खरे वैभव मात्र घाटावर आहे. पश्चिमेकडून पंचगंगा येते, उत्तरेकडून सांगलीचे पाणी घेऊन कृष्णा येते, आणि दोघींचा संगम वाडी आणि कुरुंदवाड यांच्यामध्ये होतो. पंचगंगा तरी एकटी कोठे आहे? कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार दिसणाऱ्या नद्या आणि न दिसणारी सरस्वती, अशा पाचजणींचे पाणी तिच्यात आहे. संगमावरचा दगडी घाट सायंकाळी पाहावा. एका बाजूला मराठ्यांचा सेनापती संताजी घोरपडे याची म्हणून दाखवली जाणारी समाधी आहे. पलीकडून वाडीच्या घंटा ऐकू येतात. मध्ये दोन रंगांचे पाणी एकमेकांना लागून काही अंतर जाते आणि मग एकरूप होते. मुघलांच्या फौजांना ज्याच्या नावाने धडकी भरत असे, त्या सेनापतीच्या विसाव्यासाठी इतकी शांत जागा लोकांनी निवडावी, यात मोठे औचित्य आहे.

ही शांतता वर्षातून आठ महिन्यांची असते, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे.

येथील पाण्याचे वर्ष ज्येष्ठात सुरू होते. कृष्णा-पंचगंगेवर जागोजाग 'कोल्हापूर पद्धतीचे' बंधारे आहेत. दगडी खांबांमध्ये फळ्या घालून पाणी अडवायचे आणि पावसाळ्यापूर्वी त्या काढून नदीला वाट मोकळी करून द्यायची, अशी ती साधी आणि शहाणी योजना. या फळ्यांना 'बरगे' म्हणतात. पंचगंगेवर तेरवाडचा बंधारा आहे, खाली कृष्णेवर राजापूरचा आहे. बरगे निघाले, की घाटावर पालथ्या पडलेल्या होड्या उलटतात. फळ्यांच्या सांध्यांत कोठे फट पडली आहे का, हे बोटे फिरवून पाहायचे, ती बुजवायची, वर काळा थर द्यायचा, वल्ही तासून घ्यायची. काही होड्या आता फायबरच्या झाल्या आहेत. त्यांना हे सोपस्कार लागत नाहीत. परंतु जुने नावाडी त्यांच्याकडे, घरजावयाकडे सासऱ्याने पाहावे, तसे पाहतात!

नदीच्या या माणसांना आमच्याकडे 'अंबी' म्हणतात. कोळी आणि भोई बांधवही आहेत. अंबी हा शब्द कानडी मुलखाशी आपले नाते सांगतो. तिकडे नावाड्याला अंबिग म्हणतात. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या समकाळी होऊन गेलेला वचनकार अंबिगर चौडय्या हा नावाडीच होता. मी पोटासाठी मराठीचे अध्यापन करतो, त्यामुळे अशा शब्दांच्या मागे लागण्याची खोड आहे. 'सुकाणू' हा शब्द आपण अरबांकडून घेतला; 'पैल' आणि 'ऐल' हे संतांनी आपल्याला दिले. वर्गात 'पैलतीर' या शब्दावर मी अर्धा तास बोलू शकतो. परंतु पैलतीराला जाताना होडी सरळ समोर हाकायची नसते, प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड करून तिरकी न्यायची असते, हे मला घाटावरच्या एका वृद्ध नावाड्याने शिकवले. सारा गाव त्यांना तात्या म्हणतो, म्हणून मीही म्हणतो.

"मास्तर, तुमी पोरास्नी पैलतीर शिकवतासा," तात्या एकदा म्हणाले, "पर त्यांतल्या किती जनास्नी पवाय येतं?"

मी दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर करायला सांगितले. वर्गात साठ मुले-मुली होती, नदी महाविद्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती, आणि वर आलेले हात मला दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता आले. त्यांत मुलीचा हात एकच होता.

आषाढ लागला, की आमच्या भागातला प्रत्येक माणूस जलशास्त्रज्ञ होतो. चहाच्या दुकानात दुसरा विषय नसतो. कोयनेतून किती पाणी सोडले, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे सातपैकी किती उघडले, सांगलीला आयर्विन पुलाजवळ किती फूट झाले, राजाराम बंधाऱ्यावर किती, आणि खाली कर्नाटकात अलमट्टीवाले किती सोडताहेत, हे आकडे शाळकरी पोराच्याही तोंडी असतात. 'पाणी चढतंय', 'पाणी थांबून हाय' आणि 'पाणी उतराय लागलं' या तीन वाक्यांवर आमच्या मनाचा हवामान-अंदाज ठरतो.

याच सुमारास बाहेरच्या पाहुण्याला एक नवा शब्द ऐकू येतो. तो म्हणजे 'फूग'. कृष्णा तुडुंब भरून वाहू लागली, की पंचगंगेच्या पाण्याला संगमावर आत शिरायला वाव मिळत नाही. मग ती जागच्या जागी फुगते आणि मागे सरू लागते. येथे पाऊस थांबलेला असतो, ऊन पडलेले असते, आणि तरी पाणी पायरी-पायरीने वर येत असते. ही फूग अत्यंत फसवी. तिला खळखळाट नसतो, आवाज नसतो. रात्री निजताना अंगणाच्या बाहेर असलेले पाणी पहाटे चुलीशी बसलेले आढळते.

या चढत्या पाण्यातही वाडीला एक सोहळा असतो. श्रीनृसिंहसरस्वतींच्या पादुकांच्या मंदिरात पाणी शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्यालाच 'दक्षिणद्वार' म्हणतात. त्या पाण्यात स्नान करण्यासाठी भाविक लांबून येतात. पाणी आणखी चढले, की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. नदी देवाच्या घरात आली, म्हणून तिच्यावर न रागावता तिच्या येण्याचा उत्सव करणारे हे लोक! पुराशी संसार कसा करावा, हे त्यांनी फार पूर्वीच ठरवून ठेवलेले दिसते.

श्रावण-भाद्रपदात पाण्याचा पहिला भर ओसरतो. पात्र अजून भरलेले असते. पण नदीची नजर निवळलेली असते. हाच होड्यांच्या शर्यतींचा मोसम. सांगलीला, कृष्णा-वारणेच्या काठच्या गावांना आणि आमच्या कुरुंदवाडलाही या शर्यती होतात. निमित्त काहीही चालते. कधी स्वातंत्र्यदिन, कधी एखादी जयंती, कधी पुढाऱ्याचा वाढदिवस. पुढारी हारतुरे घेऊन घाटावर बसतात आणि होड्या सुटल्या, की त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. लोकशाहीचे इतके निर्मळ दर्शन मला अन्यत्र क्वचितच घडले आहे.

शर्यतीची होडी लांबट आणि चिंचोळी. दोन्ही कडांना वल्हेकरी, शेवटाला सुकाणू सांभाळणारा. नदीत दूरवर निशाण रोवलेले असते; त्याला वळसा घालून परत यायचे. सरळ रेषेत जोर करणे ही ताकदीची गोष्ट आहे, पण शर्यत जिंकली किंवा हरली जाते ती वळणावर. जाताना प्रवाह साथ देतो, तोच येताना छातीवर बसतो. सुकाणूवाल्याने वळण फार मोठे घेतले, तर वेळ जातो. फार आखूड घेतले, तर होडी आडवी होते आणि पाणी आत येते. तेवढ्या चार क्षणांत आतल्या अंगाच्या वल्हेकऱ्यांनी हात आवरायचे आणि बाहेरच्यांनी दुप्पट मारायचे. हा हुकूम शब्दांनी देण्याइतका वेळच नसतो. एकमेकांच्या खांद्यांची हालचाल पाहून तो समजून घ्यायचा असतो.

घाटावर त्या वेळी काय चालते, ते सांगून समजायचे नाही. हलग्या कडाडतात, शिट्ट्या वाजतात. पायऱ्यांवर बसलेल्या आयाबायाही मागे नसतात. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःविषयी बोलताना खुशाल 'मी जातो, मी येतो' म्हणतात. माझ्या शेजारी एक साठीची बाई पदर खोचून उभी होती. "हुबी ऱ्हाऊन बगतो की! नातू हाय माजा त्यात, तिसऱ्या वल्ह्याला," ती म्हणाली, आणि पुढची पाच मिनिटे तिने नदीला, नातवाला आणि शेजारच्या गावच्या होडीला उद्देशून जे काही ऐकवले, ते दिवाळी अंकात छापता येण्याजोगे नाही.

केरळात अलप्पुळा येथे १९५२ साली नेहरूंच्या भेटीत सर्पनौकांची शर्यत झाली आणि तिच्यातून नेहरू करंडकाची परंपरा जन्मली. एका नौकेत शंभराच्या आसपास माणसे वल्ही मारतात आणि ती पाहण्यासाठी देशोदेशींचे प्रवासी जातात. इंग्लंडात ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची शर्यत १८२९ साली सुरू झाली. तिचे वर्णन जगभर वाचले जाते. आमच्या शर्यतींचा निकाल जिल्ह्याच्या पानावर चार ओळींत येतो. त्याबद्दल येथे कोणाची तक्रार नाही. कृष्णाकाठच्या माणसाला पैलवानकी आधी ठाऊक, प्रसिद्धी नंतर. वारणेकाठच्या कवठेपिरानचे मारुती माने १९६२ साली जकार्त्याच्या आशियाई स्पर्धांत कुस्तीचे सुवर्णपदक घेऊन आले, ते याच मातीतून. त्याच कवठेपिरानची पोरे आता होडीतही नाव काढून आहेत. ज्या खांद्यांनी लाल मातीत डाव टाकले, त्याच खांद्यांनी पाण्यावर वल्हे मारावे, हे क्रमानेच आले.

इथवर वाचून कोणी म्हणेल, "हौस चांगली आहे, पण हौसच ना?" त्याचे उत्तर शर्यतीच्या दिवशी मिळत नाही. ते पुराच्या रात्री मिळते.

२००५, २०१९ आणि २०२१ या तीन सालांची नावे आमच्याकडे घरातल्या मृत माणसांच्या नावांसारखी घेतली जातात. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. तेथे धोक्याची पातळी आहे ४५ फूट. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली राहिला. शिरोळ तालुक्यात तर नदी कोठे आणि गाव कोठे, हे सांगता येईना. औरवाड, गौरवाड, बस्तवाड, राजापूर, खिद्रापूर या गावांची बेटे झाली. नौदलाचे जवान आले, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे आले. त्यांनी जे केले, त्याला तोड नाही. परंतु ते येईपर्यंतचे तास कोणी निभावले? घाटावरच्या होड्यांनी. आणि होड्या पुरल्या नाहीत, तेथे काहिलींनी. गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती प्रचंड लोखंडी कढई पाण्यावर सोडायची, तीत म्हातारी माणसे आणि लेकरे बसवायची, आणि चौघांनी पोहत ती ढकलत न्यायची. आमच्या भागाचा हा जुना, अनुभवसिद्ध उपाय आहे.

जवान आल्यानंतरही त्यांच्या रबरी बोटीत पुढे कोणी तरी गावचा माणूस बसलेला असे. तो कशासाठी, हे तात्यांनी मला पुढे समजावून सांगितले.

"नदीत पानी असतं तवा नदी बगायची," ते म्हणाले. "गावात पानी येतं तवा गाव आठवायचं. खाली इहीर कुठं हाय, तार कुठं गेलीया, कुठल्या रानात ऊस हाय अन् कुठल्या नाई, ते ठावं पायजे. उसात यंत्राचा पंखा गुतला, की बोट फिरली म्हनून समजा. वरनं सगळं सारकंच दिसतं, मास्तर."

हे वाक्य मी कोणत्याही ग्रंथात वाचले नव्हते. पुराचे पाणी वरून सारखे दिसते. त्याखाली काय आहे, हे ज्याला ठाऊक, तोच माणसे सुखरूप नेतो. शर्यतीच्या होडीतले वळण, आडवी येणारी लाट, प्रवाहाच्या वर तोंड करून तिरके जाणे, शेजाऱ्याच्या खांद्यावरून हुकूम ओळखणे, या साऱ्याचा उपयोग त्या रात्री होतो. श्रावणात ढोलताशांच्या गजरात जे गमतीने केले, ते अंधारात, पावसात, रडणारी माणसे होडीत असताना करावे लागते. तेथे करंडक नसतो आणि पायरीवर टाळ्या वाजवणारेही नसतात.

आणि जेथे नेम चुकतो, तेथे काय होते, तेही आम्ही पाहिले. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली. तिच्यात पेलण्यापेक्षा अधिक माणसे बसली होती. बायका आणि लेकरांसह बारांहून अधिक जीव गेले. मागे राहण्याची भीती, आणि 'आणखी एकच जण' घेण्याची माणुसकी! या दोहोंपुढे 'आता बास, पुढच्या खेपेला' असे म्हणणारा कठोर, जाणता आवाज होडीत लागतो. तो आवाज एका दिवसात तयार होत नाही. ज्याने पाचपन्नास वेळा होडी आडवी होताना पाहिली आहे, त्यालाच तो असतो. तात्या म्हणाले, "नावाड्याचं पयलं काम वल्हं मारायचं न्हवं. पयलं काम म्हंजी, न्हाई म्हनायचं." हे सांगताना त्यांचा आवाज एरवीपेक्षा खाली आला होता.

म्हणून मला काळजी वाटते. वाडी-कुरुंदवाडमध्ये पूल झाला आणि ऐलतीर-पैलतीर करणारी रोजची नाव संपली. पूल हवाच होता. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला नावेची वाट पाहण्याचे दिवस परत यावेत, असे कोण म्हणेल? पण नावेबरोबर नावाड्याचा पोरगाही नदीवरून उठला. तो आता इचलकरंजीच्या मागावर आहे, किंवा औद्योगिक वसाहतीत पाळी करतो. पहाटे सरावाला यायचे, तर रात्रपाळी आड येते. वाडीला आलेल्या भाविकांना संगमदर्शनाला नेणाऱ्या काही नौका आहेत, तेवढाच पोटाला आधार.

दुसरे संकट खुद्द पाण्याचे आहे. उन्हाळा लागला, की वरच्या गावांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी साठवून पंचगंगा काळवंडते. पात्रावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. दुरून तो मैदानासारखा सुरेख दिसतो. त्यात वल्हे मात्र बुडत नाही. तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या दर एक-दोन वर्षांनी वाचाव्या लागतात. ज्या पाण्याला वास येतो, त्यात आई आपल्या लेकराला पोहायला कशी पाठवील? आणि जे लेकरू लहानपणी नदीत उतरले नाही, ते विसाव्या वर्षी होडीत कसे बसेल? वर्गात वर आलेले ते थोडे हात मला याचमुळे अजून दिसतात. नदी अस्वच्छ झाली, हे शेतीचे आणि आरोग्याचे नुकसान तर आहेच. पण पुराच्या रात्री होडीवर माणूस कमी पडण्याचेही ते एक कारण ठरेल.

निराश व्हावे, असे मात्र मला वाटत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचे दुष्काळी गाव आहे. तेथला दत्तू भोकनळ हा मुलगा विहिरी खणण्याची कामे करीत वाढला. पुढे तो लष्करात गेला, पुण्यात नौकानयन शिकला, २०१६ साली रिओ ऑलिम्पिकला गेला आणि तेराव्या क्रमांकावर आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धांत, इंडोनेशियातल्या पालेमबांगच्या तलावावर, चौघांच्या नौकेत त्याने सुवर्णपदक मिळवले. ज्याच्या गावाला पाण्याचा थेंब दुर्मिळ, त्याने वल्ह्यावर सोने मिळवले. मग जेथे दोन नद्या अंगणात येतात, तेथल्या पोरांनी काय करू नये? त्यांना हवी आहे चांगली होडी, अंगावर घालायची तरंगती जाकिटे, पहाटेचा वेळ आणि वल्हे बुडेल असे स्वच्छ पाणी. शाळेच्या वेळापत्रकात कवायतीला तास असतो. कृष्णाकाठच्या शाळांत पोहण्याला आणि वल्ह्याला तो का असू नये? मुलींना तर आधी. कारण पूर आला, की घरात शेवटी उरतात त्या बहुधा बायका, गोठ्यातल्या जनावरांच्या पायी.

हे लिहितो आहे, ते दिवस नदीचे सर्वांत चांगले दिवस आहेत. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वसुबारसेच्या दिवशीच, वाडीला गुरुद्वादशीचा उत्सव असतो. बारा वर्षे संगमावर राहून श्रीनृसिंहसरस्वती याच तिथीला गाणगापुरास निघाले, असे मानतात. गाळ खाली बसला आहे, पाणी निवळले आहे. बंधाऱ्यांत बरगे पडू लागले, की पात्र पुन्हा भरेल आणि डोहासारखे थांबेल. कार्तिकात घाटाच्या पायऱ्या दिव्यांनी उजळतील, काही दिवे द्रोणांत बसून खाली राजापुराकडे निघतील. मार्गशीर्षात दत्तजयंतीची गर्दी होईल. बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत आला, की कन्यागताचे महापर्व येते. मागचे २०१६ साली आले होते, पुढचे २०२८ साली. तेव्हा तर संगमावर पाय ठेवायला जागा मिळणार नाही.

वाचकांनी या दिवसांत एकदा इकडे यावे. वाडीची बासुंदी खावी, कवठाची बर्फी घरी न्यावी, कृष्णाकाठच्या वांग्याचे भरीत भाकरीबरोबर चाखावे. सवड असेल, तर खाली खिद्रापूरला जाऊन कोपेश्वराचे शिल्प पाहावे. पण त्याआधी कुरुंदवाडच्या घाटावर पहाटे थोडा वेळ बसावे. धुक्यातून वल्ह्यांचा आवाज येईल. सहा-सात पोरे होडी घेऊन वरच्या अंगाला निघालेली दिसतील. त्यांना हाक मारू नये. ती मोजणीत असतात. सुकाणूवर तात्यांचा नातू असतो. निशाण नसलेल्या पाण्यातही तो वळण घेऊन पाहतो, एकदा मोठे, एकदा आखूड. आणि तात्या पायरीवर बसून, डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून सांगतात, "आता बरूबर घेतलं."